सुटी एकाची, घर दुसऱ्याचें

सुटींत जडलेल्या प्रेमाची कथा मराठी वाचकाला नवी नाहीं. थंड हवेचें ठिकाण, चार दिवसांचा मुक्काम, दाट धुकें, दोन तरुण जीव आणि निरोपाच्या वेळीं दिलेलें एखादें वचन, एवढ्या भांडवलावर आपल्याकडे कितीतरी कथा-कादंबऱ्या आणि पुढें चित्रपटहि उभे राहिले. त्यांवरचा टीकाकारांचा आक्षेपहि ठरलेला असतो. हें प्रेम नव्हे, हवापालटाचा गुण आहे. घरीं परतून नोकरी, घरभाडें आणि वडील मंडळी यांच्याशीं गांठ पडली कीं तें विरून जावयाचेंच, असें ते म्हणतात. हा आक्षेप वरवरचा आहे. सुटींत माणसाचें मन मोकळें असतें, आणि मोकळ्या मनानें केलेली निवड खोटीच असली पाहिजे असा कांहीं नियम नाहीं. अशा कथेची परीक्षा करतांना पहिला प्रश्न निराळाच विचारावयास हवा: सुटी होती कोणाची?

महाड-पोलादपूरच्या बाजूनें पाहिलें म्हणजे या प्रश्नाचें महत्त्व ध्यानांत येतें. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारें साडेचार हजार फूट उंच. तेथून आंबेनळी घाट उतरला कीं पोलादपूर लागतें आणि पुढें महाड. सावित्री नदीहि महाबळेश्वरास उगम पावून याच दोन गांवांवरून बाणकोटच्या खाडीकडे जाते. वर जो केवळ देखावा असतो, तोच खालीं आल्यावर रोजचें पाणी होतो आणि पावसाळ्यांत घरांत शिरणारा पूर होतो. घाटमाथ्यावर लोक सुटी घालवावयास जातात. खालच्या खोऱ्यांत सुटी घेऊन येतो तो मुंबईचा चाकरमानी. शिमगा, मे महिना आणि गणपति हे त्याचे दिवस. नदीचा डोह, झाडावरचा आंबा आणि काकू-मावश्यांचें कौतुक यांत त्याला मौज वाटते, आणि ती वाटावी यांत गैर कांहींच नाहीं. पण ज्या मुलीशीं त्याची दृष्टादृष्ट होते, तिला त्या दिवसांत सुटी नसते. पाव्हण्यांमुळें तिच्या पाण्याच्या खेपा वाढलेल्या असतात, पावसापूर्वीं सरपण भरावयाचें असतें, शेतांत राब भाजावयाचे असतात. तो परतीच्या गाडींत बसला म्हणजे त्याची सुटी संपते. तिचें कांहींच संपत नाहीं. ज्यांनीं तिला त्याच्याशीं बोलतांना पाहिलें, त्यांच्याच दारांवरून तिला उद्यां पाण्याला जावयाचें असतें.

हें सूत्र हातीं धरून कालिदासाचें ‘अभिज्ञानशाकुंतल’ पुन्हां वाचावें, असें मला सुचवावयाचें आहे. संस्कृत काव्य या खोऱ्याला परकें नाहीं. ‘शिवभारत’कार कवींद्र परमानंदाची समाधि पोलादपुरासच आहे. ‘शाकुंतल’ हें सुटींतल्या प्रेमाचें आपल्या परंपरेंतील सर्वांत थोर नाटक होय, आणि त्याची थोरवी पहिल्या चार अंकांच्या रम्यतेइतकीच पांचव्या अंकाच्या कठोरपणांत आहे.

दुष्यंत मृगयेला निघालेला आहे. राज्यकारभारापासून त्याला उसंत मिळाली आहे. शकुंतलेचा तो दिवस मात्र कामाचा आहे. ती झाडांना पाणी घालीत आहे, आणि कण्व सोमतीर्थास गेल्यामुळें अतिथिसत्काराचा भार तिच्यावर आहे. राजा ज्याला दैवयोगाची भेट समजतो, ती तिच्या नित्यकर्तव्याचा भाग आहे. राजा आपलें नांवहि सांगत नाहीं. राजानें नेमलेला एक अधिकारी म्हणून तो वावरतो. उलट शकुंतलेचा सारा पूर्ववृत्तांत अनसूया पहिल्याच भेटींत त्याला सांगून टाकते: ही विश्वामित्र-मेनकेची मुलगी, आईनें जन्मतःच टाकलेली, कण्वानें वाढविलेली. एकाचें गतायुष्य पडद्याआड आणि दुसऱ्याचें उघड्यावर, अशी ही विषम सुरुवात आहे. जिला एकदां टाकलें गेलें आहे, तिच्या बाबतींत वचनाचें वजन दुप्पट होतें, हें या पाहुण्याला जाणवल्याचें नाटकांत कोठेंहि दिसत नाहीं.

दुसऱ्या अंकाच्या शेवटचा प्रसंग केवळ विनोदी म्हणून सहज वाचला जातो. राजधानींतून मातोश्रींचा निरोप येतो कीं व्रताच्या पारण्याला मुलानें यावें. इकडे यज्ञरक्षणासाठीं ऋषिकुमारांची विनंती असते. राजा स्वतः आश्रमांत राहतो आणि आपल्या जागीं विदूषकाला धाडतो. हा तोंडाळ मनुष्य अंतःपुरांत कांहीं बोलून जाईल या भयानें राजा त्याला सांगतो कीं, शकुंतलेविषयीं आपण जें बोललों ती नुसती थट्टा होती. पुढें सहाव्या अंकांत पश्चात्तापानें पोळलेला राजा, तूं मला आठवण कां दिली नाहींस, असें त्यालाच विचारतो. तेव्हां, आपणच ती थट्टा म्हणालांत आणि मला मूर्खाला तें खरें वाटलें, असें विदूषक सांगतो. दुर्वासाचा शाप उच्चारला जाण्यापूर्वींच राजानें आपल्या प्रेमाचा हा साक्षीदार स्वतःच्या हातानें बाद केला आहे. विस्मरणाची तयारी माणसानें केली; ऋषीनें तिच्यावर शिक्का मारला.

तिसऱ्या अंकांत अनसूया व्यवहाराची गोष्ट काढते. राजांना अनेक स्त्रिया असतात, तेव्हां आमच्या सखीपायीं तिच्या आप्तांना शोक करावा लागूं नये असें वागावें, अशी ती विनंती करते. राजाचें उत्तर भव्य आहे. आपल्या कुळाला आधार दोनच, समुद्रानें वेढलेली पृथ्वी आणि ही तुमची सखी, असें तो सांगतो. बोल सुंदर आहेत, पण विचारलेला प्रश्न बाजूलाच राहिला आहे. अनसूयेनें विचारलें होतें त्याच्या घरांतल्या माणसांविषयीं; राजा बोलला स्वतःच्या भावनेविषयीं. मुलीकडच्या कोणत्याहि जाणत्या बाईला हा फरक चटकन् कळेल.

तीं घरांतलीं माणसें पांचव्या अंकाच्या आरंभींच भेटतात. शकुंतला दरबारांत येण्यापूर्वीं पडद्याआडून हंसपदिकेचें गाणें ऐकूं येतें. आंब्याचा मोहर चाखून कमळांत रमलेल्या भ्रमराला ती दोष देत आहे. राजानें हिच्यावर एकदां प्रेम केलें आणि मग तो तिला विसरला. तिची समजूत घालावयास तो विदूषकाला पाठवून देतो. आपलें मन मात्र कां हुरहुरतें हें त्याला उमगत नाहीं. रवींद्रनाथ ठाकुरांनीं ‘शाकुंतला’वरील आपल्या निबंधांत या गाण्याकडे लक्ष वेधलें आहे. शापानें जें घडविलें त्याचें बीज राजाच्या स्वभावांतच होतें, असा अर्थ त्यांनीं त्यांतून काढला. त्यांत एवढीच भर घालावीशी वाटते कीं, हंसपदिका हा त्या वाड्याचा इतिहास आहे, आणि मृगयेला निघतांना राजानें तो मागें ठेवला होता. सुटीवर आलेला माणूस आपलें गतायुष्य बरोबर आणीत नाहीं, म्हणूनच तो इतका ताजा आणि निष्पाप भासतो. पूर्वींचा प्रेमभंग शेजारच्या दालनांत गात असतो आणि नवी वधू त्याच वाड्याच्या दाराशीं येऊन पोंचते.

पुढचा प्रसंग अंगावर कांटा आणणारा आहे. राजा नुकताच न्यायासनावरून उठलेला आहे. आश्रमांतला मोकळा पुरुष आतां राजा आहे, आणि राजा पुरावा मागतो. अंगठी शक्रावतारतीर्थांत गळून पडलेली. मग शकुंतला एक आठवण सांगते: हरणाच्या पाडसानें राजाच्या हातचें पाणी नाकारलें आणि तिच्या हातचें घेतलें, तो लतामंडपांतला क्षण. दोघांत ज्या आठवणीला सर्वांत अधिक मोल, तिलाच दरबारांत कांहीं किंमत नाहीं. राजा ती स्त्रियांची चतुराई म्हणून झिडकारतो. गुप्त मीलन पारखूनच करावें, नाहींतर मैत्रीचेंच वैर होतें, असें शार्ङ्गरव तिला बजावतो. बोलणें खरें आहे, पण तें कोणाला ऐकविलें जात आहे? पारख न करण्याची मोकळीक दोघांनीं घेतली; शिकवण मात्र एकटीच्या वांट्याला आली. माहेरचीं माणसें तिला तेथेंच सोडून निघतात. सासर नाकारतें, माहेर परत नेत नाहीं, आणि पुरोहिताच्या घराचा तात्पुरता आसरा तेवढा पुढें येतो. घर जिचें, परीक्षा तिची.

मराठी रंगभूमीच्या इतिहासांत या संदर्भांत एक बोलकी गोष्ट आहे. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘संगीत शाकुंतला’चा पहिला प्रयोग ३१ ऑक्टोबर १८८० रोजीं पुण्यांत झाला, तो पहिल्या चारच अंकांचा, सातहि अंक रंगभूमीवर मागाहून आले. चौथ्या अंकांत मुलीची पाठवणी आहे आणि ती पाहून डोळे न पुसणारें मराठी कुटुंब विरळा. त्या पहिल्या रात्रीं प्रेक्षक घरीं गेले असतील ते सासरीं निघालेली शकुंतला डोळ्यांपुढें ठेवून. किर्लोस्करांना दोष देण्याचें कारण नाहीं, त्यांनीं नाटक पूर्ण केलें. परंतु आपल्या पुष्कळ कथाकारांनीं चौथ्या अंकावरच पडदा पाडण्याची संवय लावून घेतली, हें मात्र खरें.

कालिदासाची बाजू निर्दोष आहे असेंहि नव्हे. महाभारतांतील राजाला सारें आठवत असतें. तो जाणूनबुजून नाकारतो आणि आकाशवाणी झाल्यावर कबूल होतो. कालिदासानें शाप आणून नायकाची अब्रू राखली. सातव्या अंकांत मारीच ऋषींच्या आश्रमांत राजा शकुंतलेच्या पायां पडतो. पतीनें आपल्याला निष्कारण टाकलें नव्हतें, हें तेथें ऋषींच्या तोंडून कळल्यावर तिच्या मनाला विसांवा मिळतो. तो तिला मिळावा हें योग्यच. पण हंसपदिकेला कोणाचा शाप पुढें करून समजवावयाचें? त्या प्रश्नाला नाटकांत उत्तर नाहीं. आज तर शापाची सोयहि उरलेली नाहीं. महाडांत औद्योगिक वसाहत आहे, खोऱ्यांतल्या मुली महाविद्यालयांत जातात, आणि प्रत्येकाच्या खिशांतल्या फोनमध्यें शब्दन् शब्द नोंदलेला असतो. अंगठी हरवण्याचें निमित्त संपलें. आतां जो विसरतो तो महाभारतांतल्या राजासारखा, आठवत असून विसरतो.

कालिदासानेंच ‘मेघदूतां’त याची दुसरी बाजू मांडली आहे. दुष्यंत आपल्या पदावर परतून प्रियेला विसरतो. यक्ष कर्तव्यांत चुकून पद गमावतो आणि वर्षभराच्या वनवासांत प्रियेचें घर अंगणांतल्या झाडासकट आठवतो. या काव्याचें मराठी रूपांतर करणाऱ्यांत महाड तालुक्यांतील रायगडाजवळच्या नाते गांवीं १८९६ सालीं जन्मलेले चिंतामणराव देशमुख होते. रिझर्व्ह बँकेचे ते पहिले भारतीय गव्हर्नर, आणि पुढें १९५० ते १९५६ देशाचे अर्थमंत्री. त्यांच्या इंग्रज पत्नी रोझिना १९४९ सालीं वारल्या. १९५३ सालीं त्यांनीं दुर्गाबाईंशीं विवाह केला. दुर्गाबाईंचें लग्न आठव्या वर्षीं लावून देण्यांत आलें होतें आणि जाणत्या झाल्यावर त्या त्यांतून बाहेर पडल्या होत्या. या दोघांचा परिचय वाढला तो संसद आणि नियोजन मंडळ यांच्या रोजच्या कामांत. दोघांचेंहि गतायुष्य जगाला ठाऊक होतें, आणि विवाहाच्या साक्षीदारांत खुद्द पंतप्रधान नेहरू होते. दुर्गाबाईंनीं पुढें ‘चिंतामण अँड आय’ या पुस्तकांत त्या सहजीवनाची हकीकत लिहिली. अनसूयेच्या प्रश्नाचें उत्तर येथें आधींच देऊन झालेलें होतें.

म्हणून सुटींतल्या प्रेमाला हंसणें हें टीकेचें काम नव्हे. पाहुण्यानें आपलें नांव आणि आपल्या घरचा वृत्तांत सांगितला कीं नाहीं, त्यानें साक्षीदार ठेवला कीं थट्टा म्हणून बाद केला, हें टीकेनें पाहावें. लेखकांना विनंती एवढीच कीं, त्यांनीं आपली लेखणी महाबळेश्वरच्या धुक्यांत ठेवून येऊं नये. तिनें आंबेनळी घाट उतरावा, पोलादपूरला थांबावें, आणि गाडी निघून गेल्यावर जी मुलगी तेथेंच राहते तिच्या दुसऱ्या दिवसापासून कथेला आरंभ करावा.