न चुकलेले सात हजार दिवस

वेबकॉमिक काढणाऱ्या कलावंताचं कौतुक करायचं झालं की दोन गोष्टी हमखास सांगितल्या जातात. पहिली, हे सगळं नोकरी आणि घर सांभाळून चाललंय. दुसरी, इतक्या वर्षांत एकही खाडा झालेला नाही. ही दोन वाक्यं आपण एका दमात बोलून जातो आणि ती एकमेकींशी भांडतात हे आपल्या लक्षात येत नाही. नोकरी असेल, घरात लहान मूल असेल, तर खाडे होणारच. होत नसतील तर ते दुसऱ्या कुणीतरी भरून काढलेले असतात. वेबकॉमिकबद्दल लिहिताना हा दुसरा कुणीतरी आपण गाळतो, आणि त्यामुळे कॉमिकचं वाचनही अर्धवट राहतं, असं मला वाटतं.

खाडा न करण्याचं सगळ्यात ठळक उदाहरण म्हणजे हॉवर्ड टेलरची ‘श्लॉक मर्सनरी’. अंतराळात भाड्याने लढणाऱ्या सैनिकांच्या तुकडीची ही विनोदी विज्ञानकथा १२ जून २००० रोजी सुरू झाली आणि २४ जुलै २०२० रोजी संपली. वीस वर्षं, रोज एक पट्टी, रविवारी जरा मोठी. बेरीज सात हजारांच्या वर जाते. यातली पहिली काही वर्षं टेलर एका सॉफ्टवेअर कंपनीत पूर्णवेळ नोकरी करत होता. नोकरी त्याने २००४ मध्ये सोडली.

आता हा रोजचा रतीब आला कुठून? तो आला वर्तमानपत्रातून. तिथे पानावर एक जागा राखलेली असते आणि ती रोज भरावीच लागते. आपल्यातले अनेक जण ज्याच्या सोबतीने मोठे झाले तो चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा ‘चिंटू’ १९९१ मध्ये ‘सकाळ’मध्ये आला, तोही असाच, सकाळच्या चहाबरोबर. तिथे दोन डोकी होती, ही गोष्ट आपण चिंटूचं नाव घेताना बहुधा विसरतो. ‘कॅल्विन अँड हॉब्ज’चा बिल वॉटरसन यानं १९९१ मध्ये आणि पुन्हा १९९४ मध्ये लांबलचक रजा घेतली, तेव्हा वर्तमानपत्रांनी त्या जागेत त्याच्याच जुन्या पट्ट्या छापल्या. चित्रकार थकला तरी जागा थकत नाही.

इंटरनेटवर मात्र अशी राखीव जागा नव्हती. पट्टी आली नाही म्हणून कुठलंही पान कोरं राहत नव्हतं. तरीही सुरुवातीच्या वेबकॉमिकवाल्यांनी रोजचा नेम आपणहून गळ्यात बांधून घेतला. त्याचं कारण पैशाचं होतं. उत्पन्न जाहिरातींवर, जाहिराती भेटींवर, आणि वाचक रोज यायचा तर रोज काहीतरी नवं हवं. पुढे आरएसएससारख्या सोयी आल्या, नवीन काही आलं की वाचकाला आपोआप कळू लागलं, समाजमाध्यमं आली. रोज दार ठोठावून बघण्याची गरज संपली. पण नेम पाळणारा तो खरा, न पाळणारा तो हौशी, ही समजूत मात्र राहिली.

या नेमाने ‘श्लॉक’चं काय केलं, हे बघण्यासारखं आहे. कथा प्रचंड लांब, गुंतागुंतीची, पण ती रोज चार-पाच पावलंच चालते आणि प्रत्येक दिवसाच्या शेवटी एक कोटी हवीच. सलग वाचायला बसलं की ही लय जाणवते. एखादा गंभीर प्रसंग उभा राहतोय तोवर शेवटच्या चौकटीत टिचकी पडते. काही वेळा त्यामुळे दुःखाला धार येते, काही वेळा प्रसंग वाया जातो. उलट बाजूही आहे. सुरुवातीची चित्रं ओबडधोबड आहेत आणि पुढची सफाईदार. माणूस वाचकांच्या डोळ्यांदेखत चित्र काढायला शिकतो. रोज काढल्याशिवाय हे झालं नसतं.

पण या वीस वर्षांच्या हिशेबात आणखी एक नाव आहे. हॉवर्डची पत्नी सँड्रा टेलर ही स्वतः लेखिका. पट्ट्यांची पुस्तकं निघू लागली तेव्हा पानांची मांडणी, छपाईची व्यवस्था, पार्सलं बांधून पाठवणं, हिशेब ठेवणं हा सगळा डोलारा तिने उचलला. हे तिने किंवा हॉवर्डने कधी लपवलेलं नाही. लपवलं ते आपण वाचकांनी, ‘एका माणसाने वीस वर्षं’ असं म्हणून. रोजच्या पट्टीचा विक्रम एका घराचा आहे. तो एकट्याच्या खात्यावर मांडला की नव्याने कॉमिक काढू पाहणाऱ्या प्रत्येकाला वाटतं, त्याला जमलं मग मलाच का जमत नाही.

ज्यांच्यामागे असं घर उभं नसतं, त्यांनी काय करायचं? काहींनी त्याचं उत्तर चित्राच्या घडणीतच शोधलं, आणि माझ्या मते वेबकॉमिकची खरी कलात्मक कामगिरी तिथे आहे.

कॅनडाच्या रायन नॉर्थने २००३ मध्ये, विद्यार्थी असताना, ‘डायनोसॉर कॉमिक्स’ सुरू केलं. त्यात सहा चौकटी आहेत आणि त्या कायम त्याच आहेत. तोच टी-रेक्स, तिसऱ्या चौकटीत त्याच्या पायाखाली येऊ घातलेलं तेच घर, चौथ्या चौकटीत येणारी तीच बाई, तोच वाद घालायला हजर होणारा युटारॅप्टर. बदलतात फक्त शब्द. हा आळस वाटेल, पण दहा-बारा पट्ट्या वाचल्या की त्यातली गंमत कळते. डायनोसॉर नीतिशास्त्रावर बोलत असो की व्याकरणावर, तिसऱ्या चौकटीत पाय उचललेला असतोच. बोलणं आणि चिरडणं एकाच वेळी चालू राहतं. चित्र काढता येत नाही, या अडचणीतून एक असा विनोद जन्मला जो चित्र काढता आलं असतं तर सुचलाच नसता.

रँडल मन्रोचं ‘एक्सकेसीडी’ २००५ पासून चालू आहे. सुरुवातीला तो नासाच्या एका केंद्रात प्रोग्रॅमर म्हणून काम करत होता. सोमवार, बुधवार, शुक्रवार असा त्याचा नेम, आणि माणसं म्हणजे काड्या. गोल डोकं, चार रेषा, बाईमाणूस असेल तर केसांच्या आणखी काही रेषा. वेळ वाचवणारी ही युक्ती आहे हे उघड आहे. पण २०१० मध्ये मन्रोच्या होणाऱ्या पत्नीला स्तनाचा कर्करोग झाल्याचं निदान झालं, आणि काड्यांच्या त्या चित्रांना वेगळाच अर्थ आला. २०१२ मध्ये त्याने ‘टू इयर्स’ नावाची पट्टी काढली. दवाखाना, सलाईन, मधेच लग्न, प्रवास, आणि सगळीकडून डोकावणारी ‘पुढच्या वर्षी’ची भीती. उपचारांत केस जातात, म्हणजे त्या चित्रात फक्त काही रेषा नाहीशा होतात. जिथे मुळातच इतकं थोडं काढलेलं आहे, तिथे त्या रेषा जाणं फार मोठं वाटतं. रंगवून, छायाप्रकाश देऊन काढलेल्या चित्राला हे जमलं नसतं.

पुढे २०१७ मध्ये ‘सेव्हन इयर्स’ आली, २०२० मध्ये ‘टेन इयर्स’. आठवड्यातून तीनदा येणाऱ्या या कॉमिकमध्ये आणखी एक, फार संथ चालणारं कॉमिक दडलेलं आहे. त्याचा पुढचा भाग कधी येईल हे आजार ठरवतो. मला मन्रोच्या सगळ्या कामात या तीन पट्ट्या सर्वांत मोलाच्या वाटतात. विज्ञानाचे विनोद तो नेमाने करू शकतो. या पट्ट्यांना मात्र मधली वर्षं जावीच लागली. त्यांच्यामधला खंड हाच त्यांचा आशय आहे.

याच्या तुलनेत माझ्या पेशातल्या लोकांचं लाडकं ‘पीएचडी कॉमिक्स’ मला थोडं कमी पडतं. होर्हे चॅमने ते १९९७ मध्ये स्टॅनफर्डमध्ये पीएचडी करताना सुरू केलं, आणि प्रयोगशाळेतल्या प्रत्येकाने त्यातली एखादी पट्टी दारावर चिकटवलेली असते. फुकटचं जेवण, मार्गदर्शकाची गाठ टाळणं, न संपणारा प्रबंध, हे सगळं त्याने इतकं अचूक टिपलंय की हसताना पोटात गोळा येतो. पण या कॉमिकमधला वेळ एकाच प्रकारचा आहे: वाया घालवलेला. तिथे काम टाळलं जातं. कामही करायचं आहे, मुलाला पाळणाघरातून साडेपाचच्या आत आणायचंही आहे आणि दोन्ही टाळता येत नाही, ही स्थिती चौकटीत फार कमी येते. पीएचडीचा विद्यार्थी चालढकल करू शकतो. पोस्टडॉक, त्यातून मूल असलेली, चालढकल करायलाही वेळ काढू शकत नाही. गेल्या काही वर्षांत चॅमच्या नव्या पट्ट्या क्वचित येतात. तो पुस्तकांकडे आणि मुलांच्या दूरचित्रवाणी मालिकेकडे वळला आहे. कॉमिक आटलं याची हळहळ मला वाटते, पण त्याला ‘बंद पडलं’ म्हणणं मला पटत नाही. त्याचं काम झालं होतं.

हे सगळं मी मराठी वाचकांसाठी लिहितेय याला कारण आहे. परदेशात राहून मराठीत चित्रपट्टी काढणारे लोक आता दिसू लागले आहेत. कुणी परिचारिका, कुणी आयटीतले, कुणी घरी मुलं सांभाळणारे. मीही गेली तीन वर्षं चार चौकटींचं एक कॉमिक काढते. माझं कंत्राट वर्षावर्षाचं, नवरा पाळीची नोकरी करणारा, मुलगी पाच वर्षांची. शनिवारी सकाळी तो तिला पोहायला घेऊन जातो, त्या अडीच तासांत पट्टी होते. तिला ताप आला, त्याला जादा पाळी लागली, की पट्टी होत नाही. महिनाभर काही आलं नाही की वाचकांची प्रेमाने विचारणा येते, “सोडलंत की काय?” मला ते प्रेम हवंच आहे. पण त्या प्रश्नात वर्तमानपत्राची राखीव जागा अजून शिल्लक आहे, हेही खरं. आणि या प्रश्नाला उत्तर देऊन देऊन थकलेल्या दोघी-तिघींनी त्यांची कॉमिक्स खरोखरच सोडलेली मी पाहिली आहेत. मराठीत लिहिणारे हात इथे मुळात मोजके आहेत. त्यातला एकेक हात आपण वेळापत्रकावरून गमावतो आहोत.

खरं तर आपल्याकडे दुसरी परंपरा आहे. वसंत सरवटे पेशाने स्थापत्य अभियंता होते. सिमेंट कंपनीतली नोकरी त्यांनी निवृत्तीपर्यंत केली, आणि त्याच काळात मराठी व्यंगचित्रकलेला त्यांनी जे दिलं ते आपण जाणतोच. जयवंत दळवींच्या ‘ठणठणपाळ’ला ‘ललित’ मासिकात त्यांनीच रूप दिलं. हातोडा घेतलेला तो ठणठणपाळ महिन्यातून एकदा यायचा. त्यांची दिवाळी अंकांची मुखपृष्ठं वर्षातून एकदा यायची. ‘काल का नाही आलं’ असं कुणी सरवट्यांना विचारलं नसेल. १९०९ मध्ये ‘मनोरंजन’ने पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी वाचकाला वर्षभर वाट बघण्याची सवय आहे, आणि वाट बघण्याचा आनंदही. नोकरी सांभाळून कला करणाऱ्याला मासिक आणि वार्षिक लय मानवते, रोजची मानवत नाही, हे आपल्या संपादकांनी न बोलता ओळखलं होतं.

अर्थात सरवट्यांच्या पिढीतल्या पुरुषांनाही घरचा वेळ कुणीतरी काढून दिलाच असणार. तो कुणी दिला याची नोंद आपल्या समीक्षेने फारशी ठेवलेली नाही. ती पद्धत पुढे चालवायची गरज नाही.

म्हणून वेबकॉमिक वाचताना मी आता तीन प्रश्न विचारते. या पट्टीचा आकार कुठल्या वेळात बसवलेला आहे? तो वेळ कुणी दिला? आणि मधे जो खंड पडला, त्याने कथेला काय दिलं? टेलरच्या सात हजार पट्ट्यांनाही हे प्रश्न लागू आहेत आणि तुमच्या शहरातल्या मंडळाच्या अंकात वर्षातून एकदा येणाऱ्या पानालाही. एखादीचं कॉमिक चार महिन्यांनी आलं, तर आधी ते वाचा. आवडलं तर तसं कळवा. उशीर का झाला, हे बहुतेक वेळा त्या चार चौकटींतच कुठेतरी काढलेलं असतं.