बारवेवर पाणी कोण भरत होते?

मराठवाड्यात, परभणी जिल्ह्यातल्या जिंतूरहून मंठ्याच्या रस्त्याला लागले की वाटेत चारठाणा येते. गावात उंच कोरीव स्तंभ आहे, गोकुळेश्वराचे देऊळ आहे, बारव आहे आणि पडलेल्या देवळांचे अवशेष आहेत. गेल्या काही वर्षांत गावोगावच्या तरुणांनी बारवांमधला गाळ आणि झुडपे काढली, छायाचित्रे हातोहात फिरली, आणि मंदिरे-बारवांवरच्या मराठी पुस्तकांनाही वाचक मिळाला. इतकी वर्षे इतिहासाचे पुस्तक म्हटले की सह्याद्रीतले किल्ले किंवा पुण्याचे वाडेच समोर येत. तो वाचक मराठवाड्याकडे वळला, याचा आनंदच आहे.

पण ही पुस्तके एकापाठोपाठ एक वाचली की त्यांचा साचा लक्षात येतो. आधी स्थळाची आख्यायिका, मग गर्भगृह, अंतराळ, सभामंडप, खांबांची संख्या, द्वारशाखा, एखादी सुरसुंदरी आणि शेवटी ‘हेमाडपंती’ हा शिक्का. हेमाद्री पंडित तेराव्या शतकातल्या यादवांचा मंत्री. अंबरनाथच्या देवळातला शिलालेख शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० चा. दोनशे वर्षे आधीचे देऊळही आपण बिनदिक्कत त्याच्या नावावर टाकतो. आराखडा क्वचितच दिलेला असतो. माणसे तर जवळजवळ नसतातच.

बारवेचेच घ्या. प्रवेश एक असेल तर नंदा, दोन असतील तर भद्रा, तीन असतील तर जया आणि चार असतील तर विजया, हे शिल्पशास्त्रातले वर्गीकरण आता बरेच लेखक देतात. पण काठावरच्या दगडाला दोरांनी पाडलेल्या खाचा कुणी वाचून दाखवत नाही. त्या मोटेच्या की घागरीच्या? त्या पाण्यावर कुणाचे शेत भिजत होते? पायऱ्या उतरायची मुभा कुणाला होती आणि कुणाला वरच थांबून दुसऱ्याच्या हातून पाणी घ्यावे लागत होते? २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर पाण्याच्या हक्कासाठी जो सत्याग्रह झाला, त्यानंतर महाराष्ट्रात पाण्याच्या कुठल्याही वास्तूबद्दल केवळ दगडकामापुरते लिहिणे मला अपुरेच नव्हे, तर अन्यायाचेही वाटते.

इंग्लंडमध्ये वास्तू आणि तिच्यात वावरणारी माणसे एकत्र कशी मांडायची, हा प्रश्न लोकप्रिय पुस्तकांनीच हाताळला. ट्रेव्हेल्यनचा इंग्लंडचा सामाजिक इतिहास दुसऱ्या महायुद्धाच्या काळात घरोघर वाचला गेला. पेव्हस्नरने १९५१ ते १९७४ या काळात परगण्यांनुसार इमारतींची ४६ पुस्तके काढली. माझ्या मते त्याहून महत्त्वाचे पुस्तक मार्क जिरूअर्डचे. जमीनदारांच्या हवेल्यांवरचे हे पुस्तक १९७८ साली आले. कुठल्या दालनात कोण जेवत असे, नोकरांचे जिने मालकांच्या नजरेआड का गेले, हे सांगत सांगत त्याने वाड्याचा नकाशा समाजाचा नकाशा म्हणून वाचायला शिकवले.

आपल्याकडे साहित्य कमी नाही. माडगावकरांचे मुंबईचे वर्णन १८६३ चे, ना. वि. जोशींचे पुण्याचे वर्णन १८६८ चे. त्रिं. ना. आत्र्यांचा ‘गावगाडा’ १९१५ चा. ना. गो. चापेकरांनी १९३३ मध्ये एकट्या बदलापूरवर ग्रंथ लिहिला. सामाजिक इतिहासाची इतकी भक्कम परंपरा थोड्याच भाषांकडे असेल. मंदिरस्थापत्याची अभ्यासपरंपराही आहे: कझिन्सचा दख्खनच्या मध्ययुगीन मंदिरांवरचा ग्रंथ १९३१ चा, देगलूरकरांचा महाराष्ट्रातल्या मंदिरांवरचा १९७४ चा, दोन्ही इंग्रजीत. समाज लिहिणारे एका वाटेने गेले, दगड मोजणारे दुसऱ्या. लोकांसाठी लिहिणाऱ्याने या वाटा जोडायच्या असतात, आणि तिथेच आपण कमी पडलो.

मराठवाड्यापुरते याला एक ऐतिहासिक कारणही आहे. इंग्रजी मुलखातल्या अनेक जिल्ह्यांची गॅझेटिअरे १८८० च्या दशकातच छापली गेली. पुण्याचे तीन भाग १८८५ चे. पुढच्या लेखकांना तो तयार पाया मिळाला. पूर्वी निजामाच्या राज्यात असलेल्या परभणीला त्या तोडीचे जिल्हा गॅझेटिअर १९६७ साली मिळाले.

तरीही वास्तू आणि वावर एकत्र पाहणारी नजर मराठीत बाहेरून आणावी लागत नाही. महानुभावांची ‘स्थानपोथी’ पाहा. चक्रधरस्वामींचे बिढार (मुक्काम) कुठे होते, ते कुठल्या पटिसाळेवर बसले, देऊळ कुठल्या दिशेला तोंड करून आहे, हे तिने जतन केले. पोथीचा हेतू भक्तीचा, पण तिला माणसाशिवाय जागा ठाऊकच नाही. ‘लीळाचरित्रा’तही देवळे म्हणजे मुक्कामाची, जेवणाची, वादाची ठिकाणे आहेत. आजचे लेखक यादवकाळावर लिहितात आणि त्याच काळाच्या या साक्षीकडे वळत नाहीत, याची मला खंत वाटते.

घरांच्या बाबतीत तर उणीव आणखी मोठी. आपल्या भागातले माळवदाचे घर कुठल्या लोकप्रिय पुस्तकात नीट आले आहे? लाकडी खांब-तुळया, वर लाकूड आणि पाला, त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर, उजेडासाठी साणे, धान्यासाठी बळद आणि पेव. घर खणांवर मोजायचे. वाड्यात आले की आधी ढेलज, म्हणजे प्रवेशाजवळची देवडी. कुणी ढेलजेतच थांबायचे, कुणी बैठकीपर्यंत यायचे, कुणाची ये-जा फक्त मागच्या दारातून, हे जातीने आणि नात्याने ठरलेले असे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात जाड दगड-मातीच्या भिंती आणि जड माळवदे झोपलेल्या माणसांवर कोसळली, हजारो जीव गेले. त्यानंतर माळवद म्हणजे भीती झाली आणि स्लॅब म्हणजे सुरक्षितता. मराठवाड्याच्या घराच्या इतिहासातली ही सर्वांत मोठी उलथापालथ. तिच्यावर अहवाल झाले. घराची गोष्ट म्हणून ती सांगायची राहिली.

जिंतूर तालुक्यावर पुस्तक व्हायचेच असेल, तर त्यात चारठाण्याचा स्तंभ आणि नेमगिरीच्या जैन गुहा असाव्यातच. पण पहिला आराखडा एखाद्या चालत्या-बोलत्या माळवदी घराचा असावा. माळवद चढवणारे सुतार आणि दरवर्षी पावसाळ्याआधी त्यावर माती टाकणाऱ्या बायका अजून भेटतात. कोणत्या उंबऱ्यापर्यंत कोण येत असे, हे आराखड्यावर बोट ठेवून सांगणारी म्हातारी माणसेही भेटतात, आणि त्यातली काही उंबऱ्याबाहेर थांबलेल्या घरांतली आहेत. लेखकाने आधी त्यांच्याकडे जावे.