अक्षीची शिळा आणि बोलीचा पुरावा

रायगड, म्हणजे १९८१ पूर्वींच्या कुलाबा, जिल्ह्याच्या किनाऱ्यावर अलिबागेच्या दक्षिणेस अदमासें दोन कोसांवर अक्षी हें गांव आहे. तेथील कोरीव शिळा मराठी भाषेच्या अभ्यासकांस सुपरिचित आहे. कै. शं. गो. तुळपुळे यांनीं ‘प्राचीन मराठी कोरीव लेख’ (१९६३) या ग्रंथांत तिचा शक ९३४, म्हणजे इ. स. १०१२, असा दिला. दुसऱ्या एका वाचनानें तो शके ११३२, म्हणजे इ. स. १२१०, ठरतो. मराठींतील पहिलें वाक्य कोणतें, या प्रश्नापायीं या दोन अंकांचा पुष्कळ ऊहापोह झाला आहे. परंतु या वादांत एक महत्त्वाची गोष्ट मागें पडते. शिळेवरील अक्षरें त्या काळच्या माणसांच्या मुखांतील भाषेविषयीं काय सांगतात, आणि तें सांगणें आपण जसेंच्या तसें राहूं देतों काय, याचाच विचार आम्हांस येथें कर्तव्य आहे.

प्रथम काळाचा प्रश्न घेऊं. लेखांत केशिदेवरायाचें नांव आहे. पण तेवढ्यानें निर्णय होत नाहीं. शिलाहारवंशांत अरिकेसरी ऊर्फ केशिदेव हा १०१७ मध्यें राज्यावर होता, आणि त्याच नांवाचा दुसरा राजा तेराव्या शतकाच्या आरंभीं होऊन गेला. मग उरतो संवत्सर. तुळपुळे यांच्या वाचनांत तो ‘प्रधावी’ असा आहे. हा परिधावी होय असें मानल्यास ताळा सहज घेतां येतो. शकांत १२ मिळवून ६० नीं भागावें, बाकी राहील तो संवत्सराचा क्रमांक. ९३४ ची बाकी ४६ येते आणि शेहेचाळिसावा संवत्सर परिधावीच आहे. ११३२ ची बाकी ४ येते. चौथा संवत्सर प्रमोद. तेव्हां संवत्सराचें वाचन खरें असेल तर गणित ९३४ च्याच बाजूचें आहे. मात्र ‘प्रधावी’ आणि ‘प्रमोद’ या दोहोंचें पहिलें अक्षर एकच आहे, हें विसरूं नये. झिजलेल्या दगडावर पुढच्या एकदोन अक्षरांवर सारा भार पडतो. अशा स्थितींत कोणी संपादकानें सोयीसाठीं ‘परिधावी’ असें शुद्ध रूप छापिलें, तर वाचकास ताळा घेण्याचें साधनच उरत नाहीं.

आतां शब्दांकडे वळूं. तुळपुळे यांच्या वाचनांत ‘श्री’च्या जागीं ‘स्री’, ‘पश्चिम’च्या जागीं ‘पसीम’ आणि ‘शक’च्या जागीं ‘सकु’ अशीं रूपें आहेत. संस्कृत जाणणाऱ्यास या चुका वाटतील. आमच्या मतें लेखांतील सर्वांत मोलाचा भाग हाच होय. एकदां झालेली चूक हस्तदोष असूं शकते. तीच चूक निरनिराळ्या शब्दांत पुनः पुनः होते, तेव्हां ती बहुधा उच्चाराची साक्ष असते. ‘महालषुमीची’ या रूपांत ‘ष’ आहे. जुन्या लेखनांत हें अक्षर ‘ख’च्या उच्चारासाठींही योजीत; म्हणून येथें ‘लखुमी’ असा उच्चार असावा. जोडाक्षर फोडून मध्यें उकार घालण्याची ही लकब तोंडच्या भाषेची आहे. ‘प्रधानु’, ‘संवतु’ यांतील अंत्य उकार ज्ञानेश्वरींतही आढळतो. आज आपण तो टाकिला आहे. परंतु मंगळूर-कोचीकडील गौड सारस्वतांच्या कोंकणींत ‘देवु’, ‘रामु’ अशा रूपांनीं तो अद्यापि नांदत आहे.

तथापि येथें सावधगिरी अवश्य आहे. बोली म्हणजे कोणाची बोली? याच किनाऱ्यावरील आगरी व कोळी लोक ‘पाणी’स ‘पानी’ आणि ‘काळा’स ‘काला’ म्हणतात. शिळेवर मात्र ‘सेणुई’ या नांवांत ‘ण’ आहे. यावरून हजार वर्षांपूर्वीं किनाऱ्यावर सर्वत्र ‘ण’ उच्चारीत व पुढें त्याचा ‘न’ झाला, असें अनुमान काढणें घाईचें होईल. मजकूर प्रधानाच्या पदरच्या लेखकाचा असणार. कोळ्याच्या होडींतील बोलणें त्यांत उतरलें असेलच असें नाहीं. इंग्रजीच्या अभ्यासकांनाही हीच अडचण आली. तेथें ‘नाइट’ (सरदार) या शब्दाच्या आरंभीं के आणि मध्यें जी-एच हीं अक्षरें आजही लिहितात. चौदाव्या शतकांत तीं उच्चारीतही असत. उच्चार पुढें बदलला, लेखन मागें राहिलें. म्हणून सोळाव्या शतकांतील लंडनवासी हेन्री मॅचिन याच्या रोजनिशींतील वेडेंवांकडें लेखन उच्चाराचा पुरावा म्हणून तपासलें गेलें. पण ती भाषा लंडनची कीं उत्तरेकडील, यावरच मतभेद झाला. पुराव्याआधीं साक्षीदार ओळखावा लागतो.

आमच्या कागदपत्रांची गोष्ट याहून अवघड आहे. मोडींत ऱ्हस्व-दीर्घ इकार-उकारांचा भेद सहसा पाळीत नसत. तेव्हां आंगऱ्यांच्या किंवा पेशव्यांच्या काळचें मोडी पत्र बाळबोधींत छापलें असतां त्यांतील ऱ्हस्व-दीर्घ हे संपादकाचे असतात, पत्रलेखकाचे नव्हत. त्यांवरून अठराव्या शतकांतील उच्चार ठरविणें म्हणजे संपादकाच्या शाळेंतील व्याकरण आंगऱ्यांच्या कारकुनाच्या तोंडीं घालणें होय.

आणि जेथें लेखनच नाहीं तेथें काय? अक्षीच्या दक्षिणेस चौल-रेवदंड्यापलीकडे, खाडीच्या पैल तीरास, कोर्लई आहे. तेथील किल्ला १५९४ मध्यें पोर्तुगीजांनीं घेतला; १७४० मध्यें चौल-रेवदंड्यासह तो मराठ्यांकडे आला. पोर्तुगीज गेले, कोर्लईच्या ख्रिस्ती वस्तींत त्यांच्या भाषेपासून घडलेली बोली राहिली. बोलणारे अदमासें हजारभर. क्लेमेंट्स यांनीं १९९६ मध्यें या बोलीवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. पोर्तुगीजांत क्रियापद सामान्यतः वाक्याच्या मध्यें येतें; कोर्लईच्या बोलींत तें मराठीप्रमाणें शेवटीं जाऊन बसलें आहे, आणि मराठी क्रियापदें सामावून घेण्यास तिनें एक निराळा गणच केला आहे. इकडे मराठीनें पगार, चावी, बिजागरी, घमेलें, लिलाव हे शब्द पोर्तुगीजांतून घेतले, पण वाक्याची घडण आपलीच ठेविली. एवढी मोठी उलाढाल शेजारपाजारच्या बोलण्यांत घडली. तिचा माग दप्तरांत शोधूं गेल्यास हातीं फारसें कांहीं लागत नाहीं. ऐकणाऱ्यानें गांवांत बसून ऐकली म्हणून ती कळली.

यावरून निष्पन्न होतें तें इतकेंच. लेख अथवा पत्र प्रसिद्ध करितांना मूळ अक्षरें जशींच्या तशीं छापावीं व शुद्ध रूप तळटिपेंत द्यावें. संशयित अक्षर खुणेनें दाखवावें, आणि मोडीच्या बाबतींत ऱ्हस्व-दीर्घ कोणाचे हें प्रस्तावनेंत स्पष्ट सांगावें. ठशावांचून शिलालेखाचें वाचन पुरें मानूं नये. त्याबरोबरच किनाऱ्यावरील आगरी, कोळी व कोर्लईकर यांचें बोलणें त्यांच्याच मुखांतून टिपून ठेवावें. ही लेखाची पुरवणी नव्हे, स्वतंत्र साधन आहे. अक्षीच्या शिळेस मराठींतील पहिलेपणाचा मान मिळो वा न मिळो. तिच्यावर ‘स्री’ कोरणाऱ्याचा हात आम्ही ‘श्री’ छापून पुसून टाकिला, तर सहस्र वर्षें टिकलेली साक्ष आमच्याच हातून नाहींशी होईल.