नाणं तेच, आकडा नवा: प्रतवारीची पट्टी बदलली की काय काय बदलतं?

पीएच.डी. प्रवेशासाठी पदव्युत्तरला ५५ टक्के लागतात, हे तुम्हाला पाठ असेल. आता समजा तुमच्या गुणपत्रिकेवर टक्के नाहीत, ६.० सीजीपीए आहे. एका ठिकाणी त्याला सरळ १० ने गुणतात, म्हणजे ६० टक्के. दुसऱ्या ठिकाणी आधी ०.७५ वजा करतात आणि मग गुणतात, म्हणजे ५२.५ टक्के. अभ्यास तोच, पेपर तेच. पण एका सूत्राने तुम्ही आत, दुसऱ्याने बाहेर.

जुनी नाणी जमवणाऱ्यांचंही नेमकं हेच होतं. मोर्शीत बसून नाण्यांच्या प्रतवारीचा विचार कशाला, असं वाटेल. पण आपल्याकडे कितीतरी घरांत आजीच्या डब्यात दोन-चार जुने रुपये असतातच. त्यांचं काय करायचं हे शेवटी या पट्ट्याच ठरवतात. शिवाय मोजमाप म्हणजे काय, हे शिकायला याहून सोपं उदाहरण मला तरी सापडलेलं नाही.

७० हा आकडा आला कुठून?

जगभर चालणारी प्रतवारी १ ते ७० अशी आहे. ती विल्यम शेल्डन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९४९ मध्ये मांडली, तीही सगळ्या नाण्यांसाठी नव्हे. अमेरिकेच्या सुरुवातीच्या मोठ्या तांब्याच्या सेंटसाठी! जेमतेम ओळखू येणाऱ्या नाण्याला १ आणि निर्दोष नाण्याला ७०. गंमत अशी की हा आकडा दर्जाचा नव्हता, किमतीचा होता. पायाभूत किंमत एक डॉलर धरली, तर ३० श्रेणीचं नाणं ३० डॉलरचं, असा त्याचा हिशेब होता. थोड्याच वर्षांत बाजारभाव बदलले, हिशेब कोलमडला, पण पट्टी उरली.

आता संशोधन पद्धतीच्या पुस्तकातलं 'मापनाचे स्तर' हे प्रकरण आठवा: नामदर्शक, क्रमदर्शक, अंतरदर्शक, गुणोत्तरदर्शक. ही विभागणी एस. एस. स्टीव्हन्सने १९४६ मध्ये मांडली. हाच स्टीव्हन्स १९४० च्या सुमारास शेल्डनच्या शरीरयष्टीवरच्या पुस्तकांमध्ये त्याचा सहलेखक होता. म्हणजे क्रमदर्शक आकड्यांची सरासरी काढण्याबद्दल ज्याने सावध केलं, त्याच्याच जुन्या सहकाऱ्याने तीन वर्षांनी क्रमाला थेट किमतीने गुणलं. ६० श्रेणीचं नाणं ३० च्या 'दुप्पट चांगलं' नसतं. ते फक्त वरच्या पायरीवर असतं.

दहाची पट्टी: सोय की रंगरंगोटी?

शेल्डनच्या पट्टीवर न वापरलेल्या नाण्यांना आधी ६०, ६५ आणि ७० एवढ्याच पायऱ्या होत्या. पीसीजीएस १९८६ मध्ये आणि एनजीसी १९८७ मध्ये सुरू झाली. या कंपन्या पैसे घेऊन नाणं तपासतात, श्रेणी देतात आणि प्लास्टिकच्या डबीत सीलबंद करतात. त्यांच्या काळात ६० ते ७० मधला प्रत्येक आकडा वापरात आला. २०१० मध्ये वर 'प्लस'ही आलं. मग २०२३ मध्ये एनजीसीने आधुनिक नाण्यांसाठी दहाची पट्टी काढली: ७० म्हणजे १०, ६९ म्हणजे ९.९, ६८ म्हणजे ९.८.

नवख्याला १० पैकी किती हे पटकन कळतं, हा फायदा मी नाकारत नाही. पण निरीक्षण एकाही नव्या गोष्टीचं नाही, फक्त पाटी बदलली. बदललेल्या पाटीचे परिणाम मात्र खरे असतात. एका पायरीच्या फरकाने काही नाण्यांची किंमत अनेक पटींनी वाढते. म्हणून लोक डबी फोडतात आणि तेच नाणं पुन्हा तपासायला पाठवतात, या वेळी एक आकडा वर मिळेल या आशेने. जुनी चिठ्ठी कंपनीकडे परत गेली नाही, तर एकच नाणं यादीत दोनदा मोजलं जातं. उद्या तुम्ही 'या श्रेणीची इतकी नाणी शिल्लक आहेत' असं त्या यादीवरून लिहाल, तेव्हा तुम्ही नाणी मोजत नसाल, अर्ज मोजत असाल. १९९० चा ६५ आणि आजचा ६५ एकच, हे गृहीत धरणंही तितकंच धोक्याचं.

एलिचपूरचा रुपया या पट्टीत बसतो का?

आता आपल्या जिल्ह्यात येऊ. आजचं अचलपूर म्हणजे मुघलांचं एलिचपूर, तिथे टांकसाळ होती. हे रुपये हातोड्याने ठोकलेले. ठसा मोठा आणि चांदीची चकती लहान, त्यामुळे मजकुराचा एक भाग नाण्याबाहेरच राहायचा. कधी टांकसाळीचं नाव कापलं जायचं, कधी सन.

समजा दोन रुपये समोर आहेत. एक चकचकीत, पण त्यावर टांकसाळीचं नाव नाही. दुसरा झिजलेला, पण 'एलिचपूर' आणि सन दोन्ही वाचता येतात. पट्टी पहिल्याला वर ठेवेल. वऱ्हाडाचा इतिहास लिहिणाऱ्याला मात्र दुसराच हवा. शिवाय त्यावर सराफांनी चांदी पारखायला मारलेले बारीक ठसे असतील, तर बाजार त्याला 'खराबी' म्हणतो. माझ्या मते तो पुरावा आहे: हे नाणं खरोखर हातोहात फिरलं.

संत्र्याचं घ्या. व्यापारी आकारावर प्रत लावतो आणि बारीक फळ चुरीत जातं. फळ गोड आहे का, हे त्या प्रतवारीला विचारलेलंच नसतं. कास्तकाराला ते ठाऊक असतं. नाण्यांच्या बाबतीत आपण ते विसरतो.

सुधारणा अशक्य आहे असं नाही. ग्रीक-रोमन नाण्यांसाठी एनजीसीच झीज वेगळी सांगते आणि ठशाला व पृष्ठभागाला ५ पैकी वेगवेगळे गुण देते. मला ही दिशा दहाच्या पट्टीपेक्षा कितीतरी बरी वाटते, कारण इथे तीन प्रश्नांची तीन उत्तरं मिळतात.

बट्टा: आपली जुनी प्रतवारी

प्रतवारी आपल्याला नवीन नाही. चांदवडी, अंकुशी, मल्हारशाही असे नाना रुपये चालायचे, तेव्हा सराफ नाणं पारखून बट्टा कापायचा. १८३५ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने १८० ग्रेनचा एकसारखा रुपया आणला. अशी एकच पट्टी पसरत गेली, तसे स्थानिक रुपये मागे पडले आणि बरेचसे वितळवले गेले. म्हणून आज संग्राहकाच्या हातात येतं ते त्या काळचं सगळं चलन नाही, भट्टीतून वाचलेलं तेवढंच आहे. तुमच्या नमुन्यात हा झुकाव आधीपासून बसलेला असतो.

आजही तेच होऊ शकतं. 'वरची श्रेणी म्हणजे पैसा' एवढंच लोकांपर्यंत पोचलं, की घरातलं नाणं चिंचेने घासून चमकवलं जातं. त्याने श्रेणी उलट घसरते आणि बारीक अक्षरंही जातात. झिजलेलं नाणं 'काही कामाचं नाही' म्हणून चांदीच्या भावाने मोडीत निघतं. परदेशी कंपनीकडून श्रेणी घेऊ म्हणाल, तर १९७२ च्या कायद्यानुसार १०० वर्षांहून जुनं नाणं ही पुरावस्तू आहे. ते खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. म्हणजे ज्या पट्टीवर आपल्या नाण्याचा भाव ठरतो, तिच्यापर्यंत ते कायद्याने पोचूच शकत नाही.

मग नोंद कशी करायची?

शेल्डनचीच गोष्ट पुन्हा उपयोगी पडते. अमेरिकन न्युमिस्मॅटिक सोसायटीच्या संग्रहातली चांगली सेंट उचलून त्याने त्याच प्रकारची हलकी नाणी तिथे ठेवली होती, हे पुढे उघड झालं. पकडलं कशाने? जुन्या नोंदी आणि छायाचित्रं ताडून. नुसता आकडा लिहिलेला असता, तर वाद घालत बसावं लागलं असतं.

म्हणून नाण्याची नोंद करताना आधी वजन, व्यास आणि धातू लिहा. मग वाचता येणारी अक्षरं जशीच्या तशी उतरवा, सराफी ठसे किती आणि कुठे ते टिपा, दोन्ही बाजूंचे फोटो काढा. श्रेणी सगळ्यात शेवटी, आणि ती लिहिताना कोणती पट्टी, कोणी लावली, कोणत्या वर्षी, हे तिन्ही लिहा. उद्या पट्टी पुन्हा बदलली, तरी तुमची नोंद नव्या पट्टीवर बसवता येईल. नुसत्या आकड्यावरून उलट वाटेने मूळ निरीक्षणाकडे जाता येत नाही.

एक गृहपाठ देतो. तुमच्या प्रस्तावात कुठे कुठे 'गुण', 'श्रेणी' किंवा 'निर्देशांक' आलाय ते शोधा. प्रत्येकासमोर लिहा: ही पट्टी कोणी केली, कशासाठी केली, आणि मूळ निरीक्षण माझ्याकडे आहे का? तिसऱ्या प्रश्नाला 'नाही' आलं, तर मार्गदर्शकांना भेटण्याआधी ते मिळवायच्या मागे लागा.