लघुपट, प्रदेश आणि बोली

वेरूळच्या बाराव्या लेण्यात मध्यभागी बुद्ध व त्याच्या सभोवती आठ बोधिसत्त्व अशी नऊ चौकोनांची शिल्परचना आढळते. अष्टबोधिसत्त्वांची ही परंपरा दख्खनमध्ये लोपली. तिबेटी बौद्ध कलेत मात्र ती टिकून राहिली. मूळ भूमी सुटल्यावरही एखादे रूप दुसऱ्या भूमीत जगू शकते, याचे हे उदाहरण होय. भाषेच्या बाबतीत हाच न्याय लागू पडतो काय, हा प्रश्न आजच्या लघुपटांनी पुन्हा उपस्थित केला आहे.

झ्युरिक व धरमशाला येथील तिबेट चित्रपट महोत्सवात तिबेटी दिग्दर्शकांसाठी लघुपटस्पर्धा घेतली गेली आहे. अजिंठा-वेरूळ आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात मराठवाड्यासाठी स्वतंत्र लघुपटस्पर्धा असते. या महोत्सवाची दहावी आवृत्ती जानेवारी २०२५ मध्ये छत्रपती संभाजीनगर येथे पार पडली. पहिल्या स्पर्धेचा आधार समाज, तर दुसरीचा प्रदेश. भाषा ही दोहोंचीही अट नाही. तथापि या कृतींचे यशापयश अखेरीस भाषेपाशीच ठरते, असे म्हणावे लागेल.

तिबेटी समाजाची अडचण उघड आहे. लिपी एक, लेखनपद्धती जुनी व समान. परंतु मध्य तिबेट, खाम आणि आम्दो येथील बोली परस्परांस सहज कळत नाहीत. निर्वासितांत ल्हासाच्या वळणाची एक सामाईक बोली रूढ झाली व तीत हिंदी शब्दही मिसळले. गोंदिया जिल्ह्यातील गोठणगावच्या नोर्ग्येलिंग वसाहतीत १९७२ पासून राहणाऱ्या कुटुंबांच्या मुलांना तर मराठीही परकी राहिलेली नाही. अशा समाजातील दिग्दर्शकाने पात्राच्या तोंडी कोणती तिबेटी घालावी, हा केवळ संवादलेखनाचा प्रश्न नव्हे. ते पात्र कोठून आले आणि त्याने वाटेत काय गमावले, हे त्यावरून ठरते.

पेमा त्सेदेन (१९६९–२०२३) यांनी 'थार्लो' (२०१५) या पूर्ण लांबीच्या चित्रपटात याचे उत्तर दिले आहे. आम्दो बोलणारा मेंढपाळ ओळखपत्रासाठी पोलीसठाण्यात येतो आणि लहानपणी पाठ केलेले माओचे भाषण चिनी भाषेत अस्खलित म्हणून दाखवितो. सर्वजण टोपणनावाने हाक मारीत असल्याने स्वतःचे खरे नाव मात्र त्यास अनोळखी झाले आहे. शेवटी तेच भाषण म्हणताना तो अडखळतो. येथे भाषा हे कथेचे वस्त्र नसून तिचा कणा आहे.

मराठवाड्याची स्थिती याच्या उलट आहे. येथे भूमी स्थिर आहे. डळमळीत आहे ती बोलीची प्रतिष्ठा. निजामी राजवटीत १९४८ पर्यंत उर्दूचा व त्याही आधीपासून दखनीचा सहवास लाभलेल्या या बोलीचे व्याकरण स्वतंत्र लक्ष देण्याजोगे आहे. 'तो जेवायलाय' या वाक्यात प्रमाण मराठीत हेतू दर्शविणारे रूप चालू क्रिया दर्शविते. प्रमाणभाषेच्या कानास हे रूप चुकीचे वाटते. वस्तुतः ती नियमबद्ध काळरचना आहे. पुष्कळ लघुपटांत मात्र अशी रूपे विनोदी नोकराच्या किंवा अडाणी म्हातारीच्या वाट्यास येतात, आणि विचार करणारे पात्र पुण्याकडील मराठीत विचार करू लागते. प्रदेशाच्या नावाने भरलेल्या स्पर्धेत प्रदेशाची बोली अशी दुय्यम ठरावी, यासारखा विरोधाभास नाही.

हे अटळ नाही, हे नागराज मंजुळे यांच्या कृतींवरून दिसून येते. ते सोलापूर जिल्ह्यातील, म्हणजे मराठवाड्याच्या सीमेलगतचे. 'फँड्री' (२०१३) या पूर्ण लांबीच्या चित्रपटाचे शीर्षकच मराठी नाही. कैकाडी या द्राविड कुळातील भाषेत त्याचा अर्थ डुक्कर. बहुसंख्य मराठी प्रेक्षकास शीर्षकापाशीच अनोळखी भाषेसमोर उभे राहावे लागते. पासष्टाव्या राष्ट्रीय पुरस्कारांत कथाबाह्य विभागात दिग्दर्शनाचा मान मिळविणारा 'पावसाचा निबंध' हा लघुपट आणखी सूक्ष्म आहे. शाळेने पावसावर निबंध मागितला आहे; मुलाच्या वाट्यास येणारा पाऊस मात्र निबंधाच्या ठराविक भाषेत मावत नाही. प्रमाण लेखनप्रकार आणि जगलेला अनुभव यांतील दरी हाच त्याचा विषय होय.

यावर एक आक्षेप संभवतो. बोली जितकी अस्सल, तितका प्रेक्षक मर्यादित. शिवाय लघुपटात तिची ओळख करून देण्यास सवड नसते. आक्षेप निराधार नाही. परंतु आम्दो बोलीतील चित्रपट उपशीर्षकांच्या आधारे व्हेनिसपर्यंत पोहोचला, तर परभणीची बोली पुण्यास कळणार नाही, हे मानणे कठीण आहे. तसेच बोलीचा नुसता भरणा केल्याने कृती चांगली ठरत नाही, हेही खरे. कसोटी एवढीच की संवाद प्रमाणभाषेत बदलला असता कथेचे काही नाहीसे होते काय? होत नसेल, तर ती बोली केवळ शोभेची.

परीक्षकांनी ही कसोटी स्वीकारल्यास स्पर्धेस 'मराठवाडा' या नावाचा अर्थ लाभेल. भाषाभ्यासकांसही येथे काम आहे. लघुपटातील संवाद हा बोलीचा नैसर्गिक नमुना नव्हे, कारण तो रचलेला असतो. परंतु आपल्या बोलीतील कोणती रूपे तरुण लेखकास जपण्याजोगी वाटतात व कोणती लपविण्याजोगी, याचा तो विश्वसनीय पुरावा आहे. संवादसंहिता उच्चारानुसारी लिप्यंतरासह विद्यापीठीय ग्रंथालयांत जतन झाल्या, तर तो पुरावा हातचा जाणार नाही. वेरूळची रचना पाषाणात कोरलेली होती, म्हणून ती आज ताडून पाहता येते. बोलीस तो आधार नाही.