संगती आणि गिटार

तिरुवैयारुच्या त्यागराजांची (१७६७–१८४७) 'मनव्यालकिंचरादटे' ही नलिनकांती रागातील कृती, समर्थांच्या मनाच्या श्लोकांप्रमाणे, मनालाच विनवते. बंगळूरच्या 'अगम' या रॉकसमूहाने तिला २०१७ च्या ध्वनिसंचात स्थान दिले. परक्या वाद्यांचा आक्षेप येथे टिकत नाही. व्हायोलिनही या संगीतात आले ते त्यागराजांच्याच हयातीत, तंजावरवर भोसल्यांचे राज्य असताना. खरा प्रश्न संगतींचा, म्हणजे एकाच ओळीच्या क्रमाने पालटत जाणाऱ्या रूपांचा आहे. विनवणीची तीव्रता या पालटातून वाढते; रॉकमध्ये ती बहुधा न पालटणाऱ्या आवर्तनाच्या आघातातून येते. हरीश शिवरामकृष्णन यांचा कंठ संगती सांभाळतो. गिटार मात्र, माझ्या मते, त्या संगतींशी संवाद न करता केवळ त्यांच्यामागे उभी राहते.