महाल नाही, पाणी आहे

ऑफिसातला एक मित्र सुट्टीत क्रोएशियाला जाऊन आला. स्प्लिट शहरातल्या रोमन सम्राट डायोक्लिशियनच्या महालाचे दोनेकशे फोटो दाखवून झाल्यावर त्याने सहज विचारलं, "तुमच्या बीडला असं काय आहे रे?" मी म्हणालो, "विहीर." तो हसला. मीही हसलो, पण लागलं जरा.

मग त्या महालाबद्दल वाचत बसलो. डायोक्लिशियनने इ.स. 305 मध्ये स्वतःहून गादी सोडली आणि तो इथे येऊन राहिला. परत बोलवायला आलेल्यांना त्याने आपण लावलेल्या कोबीचं कौतुक ऐकवलं म्हणतात. सातव्या शतकात शेजारच्या सलोना शहरातून पळालेले लोक महालात शिरले, ते तिथेच राहिले. आजही त्या भिंतींच्या आत लोकांची घरं आहेत, दुकानं आहेत. 1979 मध्ये युनेस्कोच्या यादीत नाव लागलं. मी मात्र अडकलो दुसरीकडेच. या महालासाठी याद्रो नदीचं पाणी सुमारे नऊ किलोमीटरवरून, नुसत्या उतारावर, कालव्याने आणलं होतं. तो कालवा शेकडो वर्षं बंद होता, एकोणिसाव्या शतकात दुरुस्त झाला, आणि त्याचा काही भाग अजून वापरात आहे. मित्राच्या दोनशे फोटोंत तो एकदाही नव्हता.

आमच्याकडे उलट. महाल नाही, पाणी आहे. बीडपासून सहाएक किलोमीटरवर, सोलापूर रस्त्याला, खजाना विहीर. 1582 मध्ये, मूर्तझा निजामशहाच्या काळात, बीडचा जहागीरदार सलाबतखान याने ती बांधवली. स्थापत्यकार राजा भास्कर. सगळा खजिना हिच्यावर खर्च झाला म्हणून हे नाव, असं सांगतात. मी पाहिलेली हिच्यावरची बहुतेक रील्स एकसारखी आहेत: ड्रोन खाली येतो, गोल दगडी विहीर दिसते, गूढ संगीत वाजतं, 'पाणी कधीच आटत नाही, काय आहे रहस्य?' आणि रहस्य न सांगताच रील संपतं.

रहस्य नाहीच मुळी. विहिरीला तीन भुयारं आहेत. दोन भुयारांतून पाणी आत येतं, तिसऱ्यातून बाहेर जातं. भुयाराचा उतार वरच्या जमिनीच्या उतारापेक्षा कमी ठेवला, की पुढे कुठेतरी पाणी आपोआप जमिनीवर येतं आणि शेताला मिळतं. मोट नको, मोटर नको. म्हणजे ही पाणी उपसायची विहीर नव्हेच, वाटेतला टप्पा आहे. येणाऱ्या-जाणाऱ्या पाण्याचा मेळ बसतो, म्हणून पातळी फारशी हलत नाही. राजा भास्करचं खरं काम कॅमेऱ्यात येतच नाही, ते जमिनीखाली आहे.

रील्सवाल्यांना तरी काय बोलायचं? 'वारसा जपा' म्हटलं की आपल्या सगळ्यांच्याच डोळ्यांपुढे चिरे, कुंपण आणि निळा फलक येतो. महालाला ते पुरतं. भिंत टिकली की महाल टिकला. इथे एक चिराही न हलता विहीर मरू शकते. वरच्या अंगाला बोअर खोल खोल जात राहिले, की झालं. जपायची वस्तू दगड नाही, आजूबाजूच्या जमिनीतली ओल आहे, आणि ती सातबाऱ्यावर कुणाच्या तरी नावाने आहे.

त्या माणसाला बोअर घेऊ नको असं कोण सांगणार? पुण्यात नळाखाली भांडं लावून बसलेला मी? मे महिन्यात टँकरसाठी घागरींची रांग धरण्यात माझं लहानपण गेलंय, तो सल्ला माझ्या तोंडून निघत नाही. पण भुयारं कोणकोणत्या शेतांखालून जातात याचा साधा नकाशा ग्रामपंचायतीच्या भिंतीवर रंगवायला काय हरकत आहे? निदान बोअरची जागा बघायला आलेल्या माणसाने एकदा तिकडे बघितलं तरी असतं.

मित्राला दिवाळीत बीडला नेणार आहे. विहिरीवर दहा मिनिटं. मग जाणाऱ्या भुयाराच्या दिशेने, बांधाबांधाने, पाणी जमिनीवर येतं तिथपर्यंत चालत. बूट घालून ये म्हणून सांगितलंय.